आंधळी राणी कुणाच्या घरची

दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार. रक्कम रुपया एक, राणीछाप, चांदीचा. हजर: मिठागराचे मुकादम दामूतात्या, त्यांचा चुलतभाऊ हशा, चांगू, पोशीकाकी आणि माझे वडील काशिनाथ, असे पाच वाटेकरी. शिवाय बांधावर माझी आई, मी, मुर्ध्याचे राघोबा आणि मुंबईहून आलेले सोराबशेठ. इतकी माणसं एका रुपयासाठी का जमली होती, ते सांगायला मी हे प्रकरण लिहितो आहे. जुनी नाणी जमवणाऱ्या लोकांत ‘आंधळी राणी’ नावाचा एक रुपया आजही हातोहात फिरतो. राणीच्या डोळ्यावर खिळ्याचा एक खोल टोचा, बाकी नाणं साबूत. हे नाव कुठून आलं याच्या तीन-चार गोष्टी मी ऐकल्या आहेत. मागे मुंबईत नाण्यांच्या एका प्रदर्शनात एक गृहस्थ लोकांना सांगत होते की, क्रांतिकारकांची एक गुप्त टोळी होती आणि तिच्यात शिरताना प्रत्येकाला राणीचा डोळा फोडून शपथ घ्यावी लागे. लोक माना डोलवत होते.  पण ती टोळी पाच माणसांची होती, आणि त्यांतला एक माझा बाप होता.

भाईंदरच्या खाडीकाठी आमचं मिठागर होतं. ‘आमचं’ म्हणजे मालकी दुसऱ्याची, कसायला आम्ही पाच घरं. आज जेसल पार्कमध्ये मी ज्या इमारतीत राहतो तिथून ती जागा हाकेच्या अंतरावर असावी, पण नक्की खूण पटत नाही. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं आणि मीठ धरलं की लाकडी दाताळ्याने ओढायचं. मीठ ओढताना जो खरखर आवाज होतो तो मला अजून झोपेत ऐकू येतो. त्यामागे खाडीवरच्या पुलावरून जाणाऱ्या मालगाडीची धडधड. घरी सकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी, दुपारी भात आणि चिंचेचं सार, बाजारच्या दिवशी उत्तनहून आलेले बोंबील. आईच्या हातांना मिठाने चिरा पडलेल्या असत. भाकरी थापताना ती दात आवळायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, ही रागावली आहे.

मिठागराच्या पाच पट्ट्या होत्या. चार सारख्या, पण तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, बाजूची पाचवी वाईट. खेकडे तिचा बांध पोखरत, पाणी गळून जाई, आणि जे मीठ निघे ते मातकट. इतरांचं शंभर मण निघालं तर तिचं साठ. ही पट्टी कुणी घ्यायची हे दर वर्षी दसऱ्यानंतर ठरे. दामूतात्या बांधावरच्या दगडावर एक राणीछाप रुपया ठेवत आणि खिळा धरून एका घावात राणीचा डोळा फोडत. म्हणत, “आता हिला कोण आपला, कोण परका दिसणार न्हाय.” मग काळ्या चिखलाचे पाच गोळे करायचे. चारांत मिठाचा खडा, एकात रुपया. पाची गोळे राखेत लोळवून सारखे दिसतील असे करायचे आणि हशाच्या टोपलीत हलवायचे. एकेकाने एक उचलायचा. ज्याच्या गोळ्यात रुपया, त्याला त्या वर्षी तिवरांची पट्टी, आणि समजूत म्हणून तो रुपयाही त्याचाच. डोळा फुटलेला रुपया बाजारात कुणी पुऱ्या मोलाने घेत नसे, तेव्हा समजूतही तेवढीच.

मला आठवतं तेव्हापासूनच्या अकरा वर्षांत हा रुपया आमच्या घरी सात वेळा आला. पाच घरांत एक, या प्रमाणाने दोनदा यायला हवा, फार तर तीनदा. पण गावात कुणी प्रमाण काढत नव्हतं. गाव म्हणत होतं, घर वाईट. शेजारच्या राई गावाहून माझ्या बहिणीला, यमुनाला, स्थळ आलं होतं. बोलणी झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि निरोप आला की आंधळी राणी ज्या घराचा उंबरा सोडत नाही त्या घरातली मुलगी नको. यमुना तेव्हा एकोणीस वर्षांची.  त्या दिवसापासून ती विहिरीवर सगळ्या बायका परतल्यावर जायची.

बाबांना पाळीत शेवटचा गोळा मिळे. गोळे उचलण्याचा क्रम घराणं मिठागरावर कधी आलं त्यावरून होता आणि आमचे आजोबा सगळ्यांत उशिरा आले होते. मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “नशिबाला पहिला काय नि शेवटचा काय? टोपलीत पाच हायत तोवर सगळ्यांना सारखंच.” हिशोबाने ते बरोबरच होतं. मीही बरेच दिवस तो हिशोब मान्य करून बसलो होतो.

या प्रकरणाच्या वर्षी पुन्हा एक स्थळ आलं, शेजारच्या मुर्धा गावचं. मुलाचे वडील राघोबा, भातशेतीवाले, बोलायला रोखठोक. आमच्यात मुलाकडून मुलीच्या बापाला देज देण्याची पद्धत होती. राघोबा ओट्यावर बसून म्हणाले, “एकावन्न मी दुसऱ्या घरी दिले असते. इथे एकतीस. आणि तेसुद्धा राणी निवडल्यावर. मी सोमवारी स्वतः येतोय बांधावर. ती पुन्हा तुमच्याकडे आली तर माझी बायको मला घरात घेणार न्हाय.” बाबांनी मान खाली घातली. यमुना दाराआड होती. तिच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

सोमवारला आठ दिवस होते तेव्हा सोराबशेठ उगवले. पांढरा डगला, काळी टोपी, हातात छत्री. लढाईचे दिवस होते. सरकारने राणीछाप रुपये परत मागवले होते, गावागावांत चळवळवाल्यांची धरपकड होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि एक अनोळखी माणूस ओट्यावर येऊन रुपया पुढे करून विचारत होता, “आ डोळा कोणी फोडला?”  राणीचा डोळा फोडणं म्हणजे काय गुन्हा होईल, कोण जाणे. बाबा म्हणाले, “आम्हाला ठाऊक न्हाय, शेठ.” आई आतून बाहेरच आली नाही, तिने ट्रंकेवर गोधड्या रचायला घेतल्या. सोराबशेठ उठले, अंगणात गेले, पुन्हा फिरले. “अरे बाबा, मी पोलिसवाला नाय. मी निशाळमां पोरांना शिकवत होतो, आता नाणी जमवतो. फोर्टमां आम्ही दहा-बारा जण. आमच्यात एवा तीन रुपये आले नी समदे एनो नाव बोलते, आंधळी राणी. कोण बोलते टांकसाळवाल्याने केला, कोण बोलते बंडवाल्याने. मला ठाव पाहिजे. तुमच्या बाजारचा सोनार बोलला, ए नाव ने ए रुपया, दोनो या घरातून आला.”

आई तेव्हा दारात आली. तिने तीन रुपये सोनाराला विकले होते. बाबांना ते माहीत नव्हतं. एक माझ्या तापाच्या वेळी, दोन आजी गेली तेव्हा तिच्या दिवसांना. “विकले मी,” ती म्हणाली. “सोनार बोलला, ह्या राणीला काय झालं? मी बोलली, आंधळी राणी हाय आमची, तोंड नको बघू, वजन बघ.” आमच्या गावात चालणारं नाव मुंबईपर्यंत गेलं ते इतकंच, आईच्या तोंडून सोनाराकडे आणि सोनाराच्या तोंडून शेठकडे. गुप्त टोळीची गोष्ट सांगणाऱ्या त्या गृहस्थांना हे ऐकवलं असतं तर त्यांची निराशा झाली असती.

भीती गेल्यावर मी त्यांना सगळी रीत सांगितली. चिखल, खडा, टोपली, सात वेळा. सोराबशेठ चहाची बशी हातात धरून थांबले. “अकरामां सात? नी तुझा बाप छेल्लो, समद्यांच्या मागून उचलतो?” “हो.” “डीकरा, मी बावीस वरस रेस खेळलो. नसीब मला बराबर ओळखते. ते एवढा शिस्तीत नाय चालत.”

मी त्या वेळी सतरा वर्षांचा होतो आणि बाजारात एका वाण्याच्या दुकानात तराजूवर बसायचो. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, हे मला शिकवायला नको होतं. आम्ही वजन म्हणून रुपयाच टाकत असू. पण ते आणि टोपली ह्यांची सांगड मी घातली नव्हती. शेठ गेल्यावर मी परसातून चिखल आणला. चार गोळ्यांत खडा, एकात आईच्या ट्रंकेतला आंधळा रुपया. राखेत लोळवले आणि यमुनापुढे ठेवले. तिने दोन्ही हातांत एकेक घेतला, ठेवला, दुसरा घेतला. मग एक पुढे केला. “हा जड.” फोडला, तर रुपया. पुन्हा केलं. दहा खेपांत आठ वेळा तिने ओळखला. आईने हात पुसून करून बघितलं. तिचे नऊ आले. रोज चिखलाचा बांध घालणाऱ्या हाताला वीस तोळ्यांच्या गोळ्यात एक तोळा जास्त आहे हे कळणारच. चार हात जड गोळा चाचपून मागे ठेवत होते, आणि उरलेला आमचा. यमुना हातातल्या गोळ्याकडे बघत राहिली. “म्हणजे मी वाईट न्हाय,” ती म्हणाली, आणि तिथेच चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडली. राईचा निरोप आल्यापासून मी तिला प्रथम रडताना पाहिलं.

बाबांना सांगितलं तर ते रागावले, ते माझ्यावर. “दामूतात्या चोर, चांगू चोर, ती रांडव बाई पोशी पण चोर! असं बोलून मी ह्या बांधावर कुठं ऱ्हाऊ? कुणी ठरवून केलं असंल काय? हाताला जड लागलं, ठेवला खाली. उद्या तू पण ठेवशील.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कुणी कुणाला शिकवलं नसावं, प्रत्येकाच्या हाताने आपापलं पाहिलं असावं. पण म्हणून आमच्या वाट्याचे चाळीस मण भरून येत नव्हते, आणि यमुनाही घरातच होती. आई भाकरी थापत होती. ती एवढंच म्हणाली, “तुम्ही नका बोलू. कुणाला चोर मी पण बोलणार न्हाय.”  आई काय करणार हे तिने मलाही सांगितलं नाही.

सोमवारी ऊन चढायच्या आत सगळे बांधावर आलो. वाटेकरी म्हणून पोशीकाकी सोडली तर बायका तिथे येत नसत. आई आली तेव्हा चांगूने भुवया वर केल्या. राघोबा एका बाजूला न पेटवलेली विडी धरून बसले. सोराबशेठ छत्री उघडून उभे. दामूतात्यांनी घासून पांढरा केलेला रुपया दगडावर ठेवला आणि एका घावात डोळा फोडला. नेहमीचं वाक्य म्हणाले. पहिल्या गोळ्यात रुपया दाबून त्यांनी मिठाचा खडा उचलला, तेव्हा आई पुढे झाली.

“तात्या, थांबा. त्या चारांत खडा नको. हे घाला.” तिने पदराची गाठ सोडली. चार आंधळे रुपये, काळे पडलेले.

चांगू हसला. “वैनी, पैसा जास्ती झाला काय? चिखलात पेरतेस?”

“पेरतेय. बघू काय उगवतं.”

दामूतात्या म्हणाले, “रीत खड्याची हाय, वैनी.”

“रीत रुपयाची हाय. एकाचे पाच झाले तर राणी रुसंल काय? तिला तर दिसत पण न्हाय. नवी पांढरी हाय, ह्या काळ्या हायत. पांढरी येईल त्याची पट्टी. ओळखायला काय कठीण?”

“पण कशाला?” हशाने विचारलं.

“वजनाला,” आई म्हणाली.

 पुलावरून मालगाडी जात होती; ती पूर्ण जाईपर्यंत सगळे जणू तिच्यासाठीच थांबले होते. मी दामूतात्यांचा चेहरा पाहत होतो. त्यांच्या हातात खडा तसाच होता आणि त्यांचा अंगठा तो चोळत होता. ते ‘नाही’ म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. बाबांनी पुढच्या वर्षी मिठागर सोडलं असतं, राघोबा विडी खिशात घालून मुर्ध्याला गेले असते. बांधावर मुकादमाच्या शब्दापुढे बोलायची कुणाची पद्धत नव्हती.

पोशीकाकी खाली वाकून चिखल मळत होती. वर न बघताच ती म्हणाली, “घाल रे दामू. मना पण कळतं गोळा हातात घेतल्यावर. तुला न्हाय कळत होय?”

दामूतात्यांनी बाबांकडे पाहिलं. “काशिनाथ, तू बोल.”

बाबा इतका वेळ पायांकडे बघत होते.  “घाला तात्या,” ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. दामूतात्यांनी खडा खाडीत भिरकावला आणि आईच्या हातून रुपये घेतले.

पाच गोळे राखेत लोळले, टोपली हलली. दामूतात्यांनी पहिला मिळाला तो उचलला. हशाने दोन चाचपून एक घेतला. चांगूने एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला.  पोशीकाकी म्हणाली, “काय रं, आज हात बहिरा झाला?” चांगूने रागाने एक गोळा ओढला. काकीने उरलेल्या दोनांतला जवळचा घेतला. शेवटचा बाबांचा.

एकेकाने फोडून खाऱ्या पाण्यात धुवायचा. दामूतात्यांचा काळा. हशाचा काळा. चांगूने मुठीत फोडला, बोटं उघडायला वेळ लावला, काळा. आता दोनच राहिले. काकीने सावकाश चिखल काढला, नाणं पदराला पुसलं, डोळ्यांजवळ धरलं. काळा. बाबांनी तरीही आपला गोळा फोडला आणि धुतला. रुपया उन्हात चकाकला, डोळ्यावरचा टोचा ताजा होता.

“बघा!” चांगू ओरडला. “वजन काय नि काय, शेवटी गेली ती काशिनाथच्याच घरी!”

आईने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली. राघोबा उठले, धोतर झटकलं आणि चालत सरळ चांगूसमोर गेले. “तुज्या हातात काय हाय?”

“रुपया.”

“डोळा हाय तिला?”

 “न्हाय,” हशाने त्याच्या वतीने सांगितलं.

“मग तुज्या घरी पण आलीच की. ह्याच्या घरी, त्याच्या घरी, पाच घरांत पाच आंधळ्या. आता मी पोरगी कुठून करू? समुद्रातून?” पोशीकाकी खो-खो हसली, मग हशा, मग सोराबशेठ, त्यांना अर्धं कळलं असेल. राघोबा बाबांकडे वळले. “काशिनाथ, सात वेळा ती तुज्याकडे ढकलली. आज एकदा स्वतः आली. एका खेपेचं मी मनावर घेत न्हाय. घरी काय सांगायचं ते मी बघतो.” आणि त्यांनी विडी पेटवली.

बाबा तो रुपया उलटसुलट करून पाहत होते. तिवरांची पट्टी पुन्हा आमच्याच गळ्यात पडली होती, आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. “आजची खरी,” ते मला म्हणाले. त्या हंगामात त्यांनी बांधाचं एकेक भोक बुजवलं. तरी अठ्ठावन्नच मण मीठ निघालं. पुढच्या वर्षीपासून पाची गोळ्यांत रुपये घालण्याची रीत पडली, आणि नंतरच्या पाच वर्षांत पांढरी राणी आमच्याकडे एकदा आली, हे प्रमाणाला धरून झालं.

त्या दिवशी सोराबशेठनी बांधावरच प्रत्येक आंधळ्या राणीचे पाच रुपये देऊ केले. हशा आणि चांगूने लगेच दिल्या. दामूतात्यांनीही दिली. बाबांनी दिली. पोशीकाकीने नाही दिली; म्हणाली, माझ्याकडे येऊन जाऊन दोनदा आली आहे, राहू दे बिचारी. आईने आपल्या चार रुपयांचं कुणाकडे नाव काढलं नाही. सोराबशेठनी पुढे फोर्टातल्या मित्रांना सगळी हकीकत सांगितली म्हणे, पण चिखल आणि मीठ ऐकून ते हसले आणि गुप्त टोळीच कायम राहिली.

राघोबांनी देजाचे एकावन्न रुपये मोजून बाबांच्या हातात दिले. लग्न माघात झालं. मांडवात आहेर लिहायला मीच बसलो होतो. दामूतात्यांच्या घराण्याचा आहेर कुणाच्याही लग्नात सव्वा रुपया, तो ठरलेला. ते आले आणि यमुनाच्या हातावर, शेठनी राणीचे दिले होते तेवढे, पाच रुपये ठेवून जेवायला न थांबता गेले.